सीमा विधेयकातला पैसा : 'मंजूर', 'प्राधिकृत' की आणखी काही?

खाडीपट्टा
जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकासाठी अमेरिकेतल्या सीमा सुरक्षा विधेयकांवरचा लेख मराठीत करते आहे. गाडं एका क्रियापदावर अडलंय. तिकडे पैशाचे दोन टप्पे असतात. पहिल्या कायद्यात 'या कामावर अमुक रकमेपर्यंत खर्च करता येईल' एवढंच म्हटलेलं असतं. तिजोरीतून पैसा निघतो तो दुसऱ्या, विनियोजनाच्या कायद्याने. पहिल्यासाठी मी 'प्राधिकृत' लिहिलं, संपादकांनी खोडून 'मंजूर' केलं. पण मंजूर म्हटलं की पैसा हातात आला असं वाचक धरून चालतो. २००६ च्या कुंपण कायद्याने मेक्सिकोच्या सीमेवर सुमारे ७०० मैल कुंपण सांगितलं. पैसा मात्र वेगळ्या विनियोजन कायद्यांतून यायचा होता. दोन्हीकडे 'मंजूर' आलं तर पुढचं भांडण कशावरून, हेच कळणार नाही. सुचवा. शीर्षकात 'सीमा सुरक्षा' घ्यावं की 'सीमा संरक्षण', तेही सांगा.

जांभा
ताई, हा फरक आपल्याकडच्या वाचकाला पक्का ठाऊक आहे, फक्त शब्द सरकारी कचेरीतले आहेत. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला आधी 'प्रशासकीय मान्यता' मिळते, मग 'तांत्रिक मान्यता', आणि 'निधी वितरित' होतो तो शेवटी. मान्यतेची बातमी छापून येते आणि पुढचे दोन पावसाळे बंधारा जागचा हलत नाही. तेव्हा पहिल्या कायद्याला 'खर्चास मान्यता' आणि दुसऱ्याला 'निधी दिला' लिहा. मिऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणालाही विचारा, लगेच उमजेल.

मिऱ्या
मान्यता प्रशासन देतं, इथे संसद बोलतेय. संसदेच्या तोंडी 'मान्यता' घातली की कायदा म्हणजे शासन निर्णय वाटायला लागतो. आपल्या घटनेत अनुच्छेद ११४ खाली विनियोजन विधेयक येतं आणि त्याशिवाय संचित निधीतून पैसा काढता येत नाही. विधेयकात खर्च असेल तर सोबत वित्तीय ज्ञापन लागतं, पण ज्ञापन हा केवळ अंदाज. म्हणून 'विनियोजन' हा शब्द दुसऱ्या टप्प्यासाठी तयारच आहे, त्याला हात लावू नका. अडचण पहिल्याचीच आहे. तिथे 'मुभा' घ्या : 'अमुक रकमेपर्यंत खर्चाची मुभा'.

पुळण
सरळ 'तरतूद' का नाही?

मिऱ्या
कारण तरतूद दोन्हीकडे तोंड करून उभी असते. 'कायद्यात तरतूद आहे' म्हणजे कलम आहे. 'बजेटमध्ये तरतूद आहे' म्हणजे रक्कम आहे. नेमकं हेच दोन अर्थ इथे वेगळे ठेवायचेत. 'विधेयकात कुंपणाची तरतूद आहे' या वाक्यावरून पैसा आहे की नाही, सांगून दाखवा.

पुळण
मूळही तसंच डळमळीत आहे. अरबी 'तरद्दुद', म्हणजे येरझार, चलबिचल. फारसीतून इकडे येताना खटपट झालं, आणि खटपटीवरून आपल्याकडे आगाऊ सोय. 'मुभा'ही अरबीच. मूळ मराठी बाण्याचा शब्द हवा असेल तर 'अनुज्ञा' घ्या. सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ त्यांच्या रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत चालली, १९२४ ते ३७. त्याच जिल्ह्यातल्या साप्ताहिकाने मुभा छापावं?

जांभा
अनुज्ञा बाण्याची कशी? तीही संस्कृतातून उचललेलीच. 'मंजूर', 'हुकूम', 'जप्ती', 'वसूल' बाहेर काढले तर तहसील कचेरीत लिहायचं कशात? 'आरमार' पोर्तुगीज आहे म्हणून आंग्र्यांच्या इतिहासात दुसरा शब्द घालणार का?

खाडीपट्टा
मुभा मला आवडलं. पण एक गुंता राहतोच. २०१८-१९ मध्ये ट्रम्प यांनी त्याच सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर मागितले, ३५ दिवस सरकारी कामकाज अंशतः बंद राहिलं, आणि शेवटी मिळाले १.३७५ अब्ज. ही भांडणं दुसऱ्या टप्प्यावरची. २०२५ च्या कायद्याने मात्र ४६.५ अब्ज त्याच कायद्यातून थेट दिले, ३० सप्टेंबर २०२९ पर्यंत खर्चायला. तिथे 'मंजूर' बरोबर ठरतं. म्हणजे एकाच लेखात मुभा आणि मंजूर दोन्ही येणार. आता सुरक्षा की संरक्षण?

पुळण
'सुरक्षा' हिंदीतून आली. मराठीत संरक्षण आहे, बंदोबस्त आहे, आणि आपल्याकडे 'राखण' आहे. राखणदार असतो तो गावाच्या शिवेचाच. 'सीमेची राखण' यात काय कमी आहे?

मिऱ्या
संरक्षण लिहिलंत तर खातं बदलतं. संरक्षण मंत्रालय म्हणजे सैन्य. सीमा सुरक्षा दल १९६५ मध्ये झालं ते गृह मंत्रालयाखाली, आणि अमेरिकेतही सीमेचं खातं पेंटागॉनपासून वेगळं आहे. शीर्षकात 'सीमा संरक्षण' आलं की वाचक रणगाडे शोधायला लागेल.

जांभा
जमिनीपुरतं हे खरं. किनाऱ्यावर ही वाटणी टिकत नाही. तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाखाली, सागरी पोलीस राज्याच्या गृह खात्याखाली, कस्टम अर्थ मंत्रालयाखाली. एकाच खाडीच्या तोंडाशी तिघेही. मग किनाऱ्याच्या विधेयकाला काय म्हणाल?

आणि पैशाचा मूळ मुद्दाही इथेच आहे. २००५ च्या किनारा सुरक्षा योजनेत देशभर ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ बोटी ठरल्या. बोटी केंद्राच्या, डिझेल-दुरुस्तीला केंद्राचा पैसा ५ वर्षं, आणि माणसं राज्याची. भांडवली खर्च एकाच्या खिशातून, पगार दुसऱ्याच्या. बोट येते, पण इंजिन ड्रायव्हरचं पद रिकामं राहिलं तर ती धक्क्याला बांधून राहते आणि खाऱ्या हवेत वायरिंग सडतं. पद भरलं तरी ओहोटीला खाडीच्या मुखावरच्या वाळूवर पाणी कमी पडतं. उधाणाची भरती असेल तर बोट सहज निघते, भांगात, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत, वेळ बघून काढावी लागते. तेव्हा लेखात सुरक्षेचं 'बळकटीकरण' लिहिताना कशाचं ते लिहा : बोटींचं, माणसांचं की धक्क्याचं?

पुळण
बळकटीकरण, मजबुतीकरण हे डांबरी रस्त्याचे शब्द. 'बळकट करणे' पुरे.

मिऱ्या
जांभा यांनी विषय समुद्रात नेलाच आहे, तर 'सीमा' या शब्दाचंही बघा. समुद्रात ती एक रेघ नाही. १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्याप्रमाणे १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, देशाचं सार्वभौमत्व. २४ मैलांपर्यंत सुरक्षा, कस्टम, परदेशी माणसांचं येणं-जाणं आणि आरोग्य यांपुरते अधिकार. २०० मैलांपर्यंत मासे, तेल अशा संपत्तीवरचा हक्क. आणि हे सगळं मोजायचं ते पुळणीवरून नव्हे, आधाररेषेवरून, म्हणजे मोजणीसाठी किनाऱ्यालगत धरलेल्या रेषेवरून. खाडीच्या आतलं पाणी त्या रेषेच्या अलीकडचं, ते अंतर्गत जल. 'सीमेपासून १२ मैल' असं वर्तमानपत्रात येतं ते चूक. 'आधाररेषेपासून १२ मैल' हवं.

जांभा
म्हणून दर्यावर 'हद्द' म्हणतात, सीमा म्हणत नाहीत. कुणाची हद्द हे विचारता येतं : राज्याची, केंद्राची, पर्ससीन जाळीवाल्याची. अंतर तर बऱ्याचदा वावातच सांगतात, एक वाव म्हणजे सहा फूट खोली. पण वायरलेसच्या चॅनल १६ वर मदत मागताना '१५ वावात आहे' सांगून भागत नाही. किनाऱ्याचा उतार जागोजागी वेगळा, १५ वाव कुठे जवळ लागतात, कुठे खूप बाहेर. तिथे जीपीएसचे आकडेच द्यावे लागतात.

पुळण
सीमा आणि शीव एकच आहेत हे कुणी बोललंच नाही. ग्रामचं गाव, नामचं नाव, तशी सीमेची शीव. मुंबई बेटाच्या टोकाला शीव म्हणतात ते त्यामुळेच. 'सरहद्द' तर फारसी 'सर' आणि अरबी 'हद्द' अशी जोडलेली. शीव हाताशी असताना सरहद्द कशाला?

जांभा
'भारत-पाक शीव' लिहून बघा. शीव दोन गावांमध्ये असते, दोन देशांमध्ये नाही.

पुळण
लिहीत गेलं की रुळते. 'महापौर'सुद्धा पहिल्या दिवशी कानाला लागलाच असेल.

खाडीपट्टा
लेख उद्या द्यायचाय. पहिल्या टप्प्याला 'खर्चाची मुभा', दुसऱ्याला 'विनियोजन', असं ठेवते. सुरक्षा की संरक्षण यावर एकमत होणार आहे का? आणि ७०० मैलांचं ते 'कुंपण'च म्हणू ना? काही ठिकाणी ते नुसते गाड्या अडवणारे लोखंडी खांब आहेत, माणूस सहज पलीकडे जातो.

जांभा
मग ते कुंपण नव्हे, 'अडसर' म्हणा. कुंपण म्हटलं की माणूस अडला पाहिजे.

पुळण
झाडाझुडपांची 'वई', दगडांचा 'गडगा'. गडग्यावरून माणूस जातो, गुरं अडतात. खांबांना गडगा जास्त जवळचा.

मिऱ्या
गडगा रचलेल्या दगडांचाच. लोखंडाला गडगा कोण म्हणेल?