आरईटीव्हीत छत धरलेलंच नाही

नवं घर उन्हाळ्यात थंड कसं राहील, या तुमच्या प्रश्नावर "एएसी ब्लॉक वापरा, आरईटीव्ही १५ च्या खाली आला की झालं" असं उत्तर आलंय, ते अर्धंच बरोबर आहे. एएसी ब्लॉक म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटा, आणि आरईटीव्ही म्हणजे घराच्या बाहेरच्या बाजूंनी आत किती उष्णता येते त्याचा आकडा. मानक म्हणून इको निवास संहिता (२०१८), म्हणजे घरांतल्या ऊर्जाबचतीची केंद्र सरकारची नियमावली, निवडणं मलाही पटतं. ती मोठ्या प्लॉटवरच्या इमारतींसाठी असली तरी तिचे आकडे छोट्या घरालाही आपण स्वतःहून लावू शकतो. पण आरईटीव्हीच्या हिशेबात भिंती, खिडक्या, दारं येतात, छत नाही. छताची अट त्याच संहितेत वेगळी आहे: यू-व्हॅल्यू (छतातून उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) जास्तीत जास्त १.२. नुसत्या सहा इंची आरसीसी स्लॅबची यू-व्हॅल्यू याच्या दुपटीहून जास्त असते.

जळगाव-भुसावळकडे एकमजली घराला मे महिन्यात खरा मार वरूनच बसतो. चोपड्याच्या आमच्या घरात रात्री अकरालाही छताला हात लावला तर चटका जाणवायचा आणि पंखा तीच गरम हवा अंगावर फेकायचा. वॉटरप्रूफिंग नव्याने करताना कोब्याखाली (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा गच्चीवरचा थर) दोन इंची एक्सपीएस शीट (थर्माकोलसारखी, पण दाट उष्णतारोधक) टाकली, वर पांढरी चायना मोझेक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) केली. आता मध्यरात्रीनंतर कूलर लागत नाही. जुन्या धाब्याच्या घरात मातीचा जाड थर हेच काम करायचा. "कोबा आहे ना, पुरे" असं कंत्राटदार म्हणेल, पण कोबा पाणी अडवतो, उष्णतेला तो एकटा पुरत नाही. तुमचं बांधकाम अजून सुरू व्हायचंय, तेव्हा हा थर नकाशातच दाखवून घ्या. गच्चीची पातळी वाढली की जिन्याच्या दाराचा उंबरा, पॅरापेटची उंची आणि पाण्याचा उतार सगळंच बदलतं.