स्की रिसॉर्टवर नोकरी करून काढलेला सीझन : तुमचे अनुभव

सांजवात :
काल मेणबत्तीचं मेण टेबलावरच्या कापडावर सांडलं, वर कागद ठेवून इस्त्री फिरवायला घेतली, तो वितळलेल्या मेणाचा वास आला मात्र आणि मी एकदम न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाउनच्या त्या तळघरात. शिक्षण संपून वर्क व्हिसा हातात होता, जून ते ऑक्टोबर अख्खा सीझन मी स्की भाड्याने देणाऱ्या एका दुकानात काढला, दुपारी चार ते रात्री अकरा. लोकांनी दिवसभर दगडांवरून घासून आणलेल्या स्की भिंतीला ओळीने उभ्या असायच्या. कडांना फाइल मारायची, तळाचे ओरखडे भरायचे, मग इस्त्रीला मेणाची कांडी टेकवून थेंब थेंब पाडत जायचं आणि वरून इस्त्री. एका जागी थांबलात की तळ जळला. धूर दिसला की समजायचं इस्त्री जास्त तापलीय. गार झाल्यावर ते सगळं मेण प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, काढायचंच तर लावलं कशाला? पण आत मुरतं तेवढंच कामाचं.

तर सांगायचं हे की बरेच जण आधी रिसॉर्ट बघतात, मग पगार. मी म्हणते आधी शिफ्ट बघा. तिथले स्कीचे डोंगर, कॉरोनेट पीक काय, रीमार्केबल्स काय, वर राहायची सोय नाही, सगळे गावात राहतात आणि सकाळी बसने वर जातात. मी सकाळच्या बसला असायचे आणि तीनला खाली. सत्तरच्या वर दिवस स्की केलं त्या सीझनला. खोलीतली मैत्रीण हाउसकीपिंगला होती, सकाळी आठ ते चार, पगार तिचा माझ्याहून जास्त पण तिचे वीस दिवससुद्धा झाले नाहीत, आणि ती आलेली स्कीसाठीच होती. फार वाईट वाटायचं मला तिचं.

तुमच्यापैकी कोणी केलाय का असा सीझन? कसं ठरवलंत, काय चुकलं, सगळं लिहा.

उनाडपाखरू :
केलाय!! कॅनडात, दोन सीझन, दोन्ही लिफ्टवर (म्हणजे माणसांना डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या खुर्च्या). शिफ्टचं अगदी बरोबर ताई, पण आमची एक गोष्ट लोकांना माहीत नसते, वरचा माणूस खाली आणि खालचा वर असं दिवसातून दोनतीनदा बदलायचं असतं आणि वरून खाली यायचं ते स्कीवर, म्हणजे रोजच्या दोनतीन फेऱ्या कामातच. पहाटेचं काम मला सगळ्यात आवडायचं, गिऱ्हाईक यायच्या आत खुर्च्यांवरचा बर्फ झाडायचा, उतरायच्या जागेचा उतार फावड्याने सारखा करायचा, तिथे बोटभर खड्डा राहिला तरी दिवसभर माणसं पडत राहतात. आणि स्टॉपचं बटण. एकदा एक लहान मुलगी खुर्चीत नीट बसलीच नव्हती, नुसती हातांवर लोंबकळत चाललेली, माझा हात बटणावर कधी गेला मलाच कळलं नाही. धरून उतरवलं तिला. खाली आल्यावर तिने पहिलं काय विचारावं, माझा दुसरा ग्लव्ह कुठंय.

नवखी :
मी 26, भारतीय पासपोर्ट, स्की आयुष्यात पायाला लावलेली नाही. जमेल का मला? व्हिसाचं कोणी सांगाल का प्लीज

लेकुरवाळी :
माझी लेक आत्ता ऑस्ट्रेलियात अशाच कामावर आहे. परवापासून फोन लागत नाहीये तिचा. थंडी फार असते का हो तिकडे?

कोपऱ्यातला :
@नवखी कॅनडाच्या वर्किंग हॉलिडेत भारत नाही, तिथे वेळ घालवू नकोस. ऑस्ट्रेलियाने 2024 पासून भारतीयांना वर्क अँड हॉलिडे व्हिसा (प्रकार 462) उघडलाय, वर्षाला 1000 जागा, वय 18 ते 30, सोडत निघते, त्यात नंबर लागला तरच पुढचा अर्ज. तू बसतेस. तिकडचा सीझन जून ते ऑक्टोबरची सुरुवात, भरती मात्र कितीतरी महिने आधी चालू होते, त्यामुळे आधी व्हिसा आणि मग निवांत नोकरी बघू असं केलंस तर चांगली कामं गेलेली असतात. युरोपात शेंगेनच्या टुरिस्ट व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, पण काम नाही म्हणजे नाही, कोणी "चालतं गं" म्हटलं तरी ऐकू नकोस.

आणि जायच्या आधी गुलमर्गला शिकून घे, तिथे पर्यटन मंत्रालयाची संस्था आहे, मी तिथेच शिकलो. फक्त गोंडोलाचा (तिथली केबल कार) दुसरा टप्पा 3,900 मीटरच्या वर नेतो, तिकडे नवशिक्याने जायचंच नाही, वर आखलेले उतार नाहीत आणि हिमस्खलन होतं. जे जातात ते ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस कुठे आहे ते सिग्नलवरून दाखवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं तिन्ही घेऊन जातात. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस काढायला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं हातात असतात, बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही, सोबतच्यांनीच काढावा लागतो. हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाहीये, तिथे राहिलं की आपलंही धाडस वाढत जातं म्हणून लिहितोय.

तिसरीघंटा :
फ्रान्स, 2019-20. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला 964 तास काम करता येतं, त्यात बसवून एका हॉटेलच्या किचनमध्ये भांडी घासायचं काम धरलं होतं. 14 मार्चला संध्याकाळी पंतप्रधान टीव्हीवर आले, मध्यरात्रीपासून सगळं बंद. दुसऱ्या दिवशी लिफ्ट थांबलेल्या. आकाश निळंभोर, रात्री पडलेला नवा बर्फ तसाच, त्याच्यावर एक रेघ नाही, आणि आम्ही बॅगा भरतोय. खोली नोकरीबरोबर मिळालेली, नोकरी गेली तशी खोलीही गेली, दोन दिवसांत रिकामी करा. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो, परतीच्या तिकिटाचे आणि एका महिन्याच्या भाड्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला हात लावू नका.

सांजवात :
@तिसरीघंटा अरे बापरे. कुठे गेलास मग तू?

तिसरीघंटा :
किचनमधल्याच एकाच्या घरी. त्याच्या आईने अडीच महिने ठेवून घेतलं, ओळख ना पाळख. अजून दर मार्चला फोन करतो त्यांना.

भटकभवानी :
मध्येच घुसतेय, भात गॅसवर आहे. बूट!! बुटांचं कोणीच कसं लिहिलं नाही. बाकी काहीही उसनं घ्या, जुनं घ्या, बूट मात्र मापाचे. ताठ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की सुटला पाहिजे. आणि मोजा एकच, पातळ. दोन घातले की पाय आवळले जातात, रक्त खेळत नाही आणि उलट जास्त गार पडतात. माझी दोन नखं गेली तेव्हा शिकले.

उनाडपाखरू :
एक मोजा +1000. आणि रात्री बूट हीटरला चिकटवून ठेवू नका, आतलं अस्तर काढून वेगळं वाळवा.

भटकभवानी :
लोकरीचाच ना मोजा? सुती घातलास तर ओला राहतो दिवसभर

उनाडपाखरू :
लोकरीचाच. आमचा सुपरवायझर सुती मोजा दिसला की परत पाठवायचा :)

वाटसरू :
मी रात्री कृत्रिम बर्फ बनवायच्या टीममध्ये होतो. नुसतं तापमान बघून चालत नाही, हवेतली आर्द्रताही बघतात, हवा कोरडी असेल तर शून्याच्या आसपासही बर्फ बनतो, दमट असेल तर उणे दोनलाही नुसती गार फवारणी. आमच्या सीझनला डिसेंबरभर असलंच हवामान. करारात 1 डिसेंबर लिहिलेलं पण तास किती ते कुठेच नाही, तीन आठवडे आठवड्याला दहा-बारा तास काम मिळालं आणि खोलीचं भाडं मात्र पगारातून पूर्ण कापलं. @नवखी सही करायच्या आधी विचार, आठवड्याला कमीत कमी किती तास देणार, आणि बर्फ नसेल तेव्हाही भाडं कापणार का. विचारायला लाजू नकोस. उत्तर ईमेलवर घे.

नवखी :
स्क्रीनशॉट काढून ठेवतेय सगळ्याचे. खोली आधी बघू की नोकरी?

सांजवात :
खोली मिळणारी नोकरी बघ. ते नाहीच जमलं तर खोली आधी. मी तीन आठवडे हॉस्टेलच्या आठ जणांच्या खोलीत काढलेत, ओले कपडे वाळवायला जागा नाही, सकाळी तेच ओले ग्लव्ह.

कोपऱ्यातला :
@लेकुरवाळी काकू, गार हवेत फोनची बॅटरी भराभर उतरते, डोंगरावर रेंजही जाते-येते. काळजी करू नका, फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवायला सांगा तिला.

लेकुरवाळी :
आला फोन आत्ता! रात्रीत चाळीस सेंटिमीटर पडलाय म्हणे, सकाळपासून सगळे फावडी घेऊन बाहेर. दोन मोजे घालू नकोस म्हणून सांगितलं मी तिला, तर म्हणते आई तुला कुणी सांगितलं.