वेगळी खोली नको, घरातच राहू द्या

ताई, मुलगी नेपाळच्या खेड्यात स्वयंसेवक म्हणून शिकवायला निघाली आहे, तिने गावातल्या कुटुंबात राहावं की वेगळी खोली घ्यावी, असं तुम्ही विचारलंत. माझं मत ठाम आहे, कुटुंबातच. पीस कोअर ही अमेरिकी सरकारची परदेशात स्वयंसेवक पाठवणारी संस्था १९६१ मध्ये सुरू झाली. तिचे स्वयंसेवकही दोन वर्षांच्या कामाआधी प्रशिक्षणाच्या काळात बहुतेक ठिकाणी स्थानिक कुटुंबातच राहतात.

जेवणाच्या वेळांची सवय मात्र आत्तापासून करा. तिकडे डोंगरातल्या गावांत सकाळी नुसता चहा, दहाच्या सुमारास डाळ-भात-तरकारी आणि रात्री पुन्हा तेच. सकाळी तर्रीपोहे लागणाऱ्या आपल्या नागपूरकरांना हे सुरुवातीला जड जातं. उष्ट्याचा विटाळही कडक पाळतात, चुलीपाशी विचारूनच जावं. भातलावणीच्या दिवसांत अख्खं घर चिखलात असतं. तेव्हा तिने रोपांच्या जुड्या बांधावर पोचवल्या तरी पुरे, बोलणं आपोआप सुरू होतं. आमच्या मामांकडे काटोलला संत्र्याच्या बागेत विदेशी मुलं राहून गेली, तिथेही हेच पाहिलं. कामाला हात लावेपर्यंत मामी त्यांना खुर्चीवरून उठू देत नसे.

आणि पैशांचं आधीच ठरवा. पाहुणी म्हणून फुकट राहणं मला अजिबात पटत नाही. पाणी, सरपण, स्वयंपाक हे सगळं घरातल्या बाईच्या अंगावर पडतं, म्हणून महिन्याची रक्कम शक्यतो तिच्याच हातात जावी. मुलीला पाठवणारी संस्था ही रक्कम कुणाला देते, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या.