थंडीत घरात ठेवलेली सक्युलंट (जाड पाना-खोडांत पाणी साठवणारी) झाडे सडत आहेत. तापमान किती असावे?

प्रश्न : धानपट्टा (जिल्हा गोंदिया)

नमस्कार. उन्हाळ्यात मी नागपूरहून तीन इचेव्हेरिया, एक अडेनियम आणि दोन जेड आणली होती. पावसाळाभर ती छपरीत उत्तम राहिली. डिसेंबरात पहाटेचा पारा ८ अंशांवर आल्यावर जेड सोडून बाकीची झाडे मी आतल्या खोलीत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवली. गार वारा लागू नये म्हणून खिडकीची लाकडी दारे दिवसाही बंद ठेवतो आणि दर चार दिवसांनी प्रत्येक कुंडीत पेलाभर पाणी घालतो. खोलीतील तापमापक पहाटे १४ अंश दाखवतो. तरीही इचेव्हेरियाची खालची पाने पिवळट आणि काचेसारखी पारदर्शक होऊन बोट लावताच गळतात, तर अडेनियमची सर्वच पाने गळून गेली आहेत. छपरीतल्या जेडकडे पंधरा-वीस दिवसांत पाणी घालायला जाणे झाले नाही. त्याच्या पानांच्या कडा लाल झाल्या आहेत. कुंड्यांत बांधीतली माती आणि शेणखत निम्मे-निम्मे आहे. झाडांना किती ऊब लागते? रात्री ती चुलीजवळ ठेवावीत का?

उत्तर : काळी माती (जिल्हा यवतमाळ)

दादा, आपली झाडे थंडीने सडत नाहीत. १४ अंश हे इचेव्हेरियाला हिवाळ्यात मानवणारे तापमान आहे; कोरडी असेल तर ती ५ अंशांपर्यंतही तग धरते. ८ अंशांत उघड्यावर राहिलेले आणि पाणी न मिळालेले जेड धडधाकट आहे आणि उबेत ठेवलेली झाडे सडत आहेत, यातच उत्तर आहे. जेडच्या लाल कडा हा रोग नव्हे. भरपूर उजेड आणि गार रात्री मिळाल्या की तो रंग चढतो.

थंडीत या झाडांची वाढ मंदावते, मुळे पाणी फारच कमी ओढतात आणि घातलेले पाणी मातीतच साचून राहते. त्यातच बांधीतली चिकण माती धानासाठी पाणी धरून ठेवणारी, म्हणजे सक्युलंटला नेमके जे नको तेच करणारी आहे. माझ्याकडेही पहिल्या वर्षी काळ्या मातीत लावलेली चार झाडे अशीच गेली, म्हणून हे कळकळीने लिहिते आहे. आता मी दोन भाग जाड वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे आणि एक भाग चाळलेले कुजके शेणखत असे मिश्रण वापरते.

पाणी देण्यापूर्वी खराट्याची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढून पाहावी. काडीला ओल किंवा माती चिकटली, तर पाणी देऊ नये. या दिवसांत तीन-चार आठवड्यांतून एकदा, तेही उन्हाच्या दिवशी सकाळी दिलेले पाणी पुरते. कुंड्या जमिनीवरून उचलून फळीवर ठेवाव्यात आणि खिडकी सकाळी अवश्य उघडावी, कारण आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारी चांगले ऊन असते आणि अंधारात इचेव्हेरिया उंच, फिकट आणि लुळी होते.

चुलीजवळ मात्र ठेवू नका. एका बाजूने भाजणारी धग आणि पानांवर बसणारी काजळी यांनी झाडाचे भले होत नाही.

उत्तर : वैनगंगाकाठ (जिल्हा भंडारा)

अडेनियमबद्दल थोडे लिहितो. थंडीत पाने गाळून झोपी जाणे हा त्याचा स्वभाव आहे. बुंधा दाबून पाहा. टणक असेल तर झाड जिवंत आहे आणि नवी पालवी फुटेपर्यंत त्याला जवळजवळ पाणी देऊच नये. ते मूळचे आफ्रिका-अरबस्तानातले असल्यामुळे त्याला १० अंशांच्या खाली जाऊ न दिलेले बरे. जेडलाही फार मोकळे सोडू नका. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती; तशी लाट आली तर रात्रीपुरते ते आत घ्यावे.

धानपट्टा

अडेनियमचा बुंधा टणक आहे. ताईंचे वाचून एक इचेव्हेरिया उपटून पाहिली, तेव्हा मुळे काळी पडली होती आणि मातीलगतचे खोड मऊ झाले होते. वरची पाने मात्र अजून घट्ट आहेत. ती वाचेल का?

काळी माती

वाचू शकते. स्वच्छ पुसलेल्या ब्लेडने खोड खालून वर थोडे थोडे कापत जा आणि कापलेल्या जागी तपकिरी ठिपका किंवा कडे दिसेनासे होईपर्यंत थांबू नका; जरासा डाग राहिला तरी सड पुन्हा वर चढते. मग तो शेंडा सावलीत, कोरड्या जागी आठ-दहा दिवस तसाच ठेवा. कापलेला भाग सुकून त्यावर खपली धरली की कोरड्या वाळूवर नुसता टेकवा आणि मुळे दिसल्यावरच थोडे पाणी द्या. थंडीत मुळे फुटायला महिनाभरही लागतो, तोपर्यंत उपटून पाहू नका. उरलेल्या दोन कुंड्यांतील माती मात्र आजच बदला.