दाढीच्या ब्रशचा नवा नॉट वर येतोय, मदत हवी आहे

खटपट्या
मूठ चांगली आहे, केस झडले म्हणून नवा नॉट (बुडाशी गोंदाने जोडलेला केसांचा जुडगा) घेतला. एपॉक्सी लावून दाबला की आत जातो, हात काढला की दोन-तीन मिमी वर. दोनदा झालं. वर वजन ठेवलं तर वाकडा बसला. काय चुकतंय? लवकर सांगा, तिसऱ्यांदा एपॉक्सी कालवून बसलोय.

काटेकोर
कालवलेलं आधी टाकून द्या. पाच मिनिटांवालं असेल तर हे वाचेपर्यंत त्याचा दगड झालेला असेल. मूठ कशाची? भोकाचा व्यास आणि खोली? नॉटचा व्यास, बुडापासून टोकापर्यंत उंची? केस बॅजर, डुक्कर की सिंथेटिक?

वाफारा
जुना नॉट काढायला केस मुळाशी कापा आणि ड्रिलला फॉर्स्टनर बिट (सपाट तळाचं भोक पाडणारं पातं) लावून मंद वेगात मधोमध उतरवा. भिंतीलगत मिलिमीटरभर जुना गोंद राहू द्या, तो नंतर काडीला पॉलिश पेपर गुंडाळून घासा. लाकडी मूठ उकळत्या पाण्यात टाकू नका, तडकते.

खटपट्या
वाफारा, जुना निघालाय हो, ते विचारलंच नव्हतं.
काटेकोर, भोक २४, नॉट २४, खोली १४, उंची ६५, सगळं मिमी. सिंथेटिक.

काटेकोर
मूठ कशाची ते राहिलंच. असो, दुखणं कळलं. २४ च्या भोकात २४ चा नॉट म्हणजे सिलिंडरात दट्ट्या. तळाशी एपॉक्सी ओतलंत, वरून नॉट दाबलात, मधली हवा कुठून जाणार? सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबा आणि सोडा, तेच होतंय.

नॉटच्या बुडाचा गोंदाचा गोळा व्हर्निअरने दोन-तीन ठिकाणी मोजा. सांगितलेला २४ हा बऱ्याचदा २४.३ निघतो, शिवाय थोडा अंडाकृती. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने २३.५ पर्यंत आणा. मग बारीक कानशीने गोळ्याच्या बाजूला वरपासून खालपर्यंत मिलिमीटरभर रुंद खाच पाडा. हवा तिथून निघते.

सिलिकॉनच बरा
एवढा उपद्व्याप कशाला? सिलिकॉन लावा. नाही जमलं तर उपटून परत बसवता येतं.

काटेकोर
उंची ठरवायची असेल तेव्हा सिलिकॉन ठीक. पण ते हवेतल्या ओलाव्याने वाळतं. अशा घट्ट भोकात तळापर्यंत ओलावा पोचत नाही, आत दिवसेंदिवस लिबलिबीत राहतं. एपॉक्सीला हवा लागत नाही.

सिलिकॉनच बरा
तळाला लावायचंच कशाला? फक्त कडेला एक वळसा द्या. तुम्ही कायमचं चिकटवाल, पुढच्या वेळी परत ड्रिल घेऊन बसा.

मोजपट्टी
दोघेही उंचीबद्दल बोलत नाही. ६५ मधून १४ गेले, केस काठाच्या वर ५१. २४ च्या सिंथेटिक नॉटला ते छान. ४६-४७ वर आणलेत तर टोचरा होईल, ५६ ला साबण लावताना लुळा पडेल. खोली जास्त वाटली तर तळाशी स्टीलचा वॉशर टाका, एपॉक्सीने खड्डा भरत बसू नका.

इतिहासप्रेमी
अवांतर: मूठ फार जुनी असेल तर जपून. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे काळपुळी झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून त्यानंतरच्या कित्येक मुठींवर 'स्टरिलाइज्ड' असं कोरलेलं सापडतं.

खटपट्या
घोडा नाही हो, सिंथेटिक आहे. आणि मूठ रेझिनची. मोजला, २४.४ भरला! घासतोय. एपॉक्सी किती घेऊ?

मोजपट्टी
वाटाण्याएवढं. तळाला थेंबभर, बाकी भिंतीला पातळ लेप. आधी काठाला मास्किंग टेप, केसांना मुळापाशी दोरा गुंडाळून घ्या, नाहीतर एपॉक्सी केसांत चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा कडक होतो. सरळ दाबू नका, फिरवत फिरवत आत न्या. मग ब्रश गोल फिरवून चहूबाजूंनी बघा, कलला असेल तर आत्ताच सरळ करा. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, पाणी २४ तासांनी.

खटपट्या
ठीक. भोकाच्या तळाशी मागच्या दोन वेळचं थोडं एपॉक्सी वाळून बसलंय, ते राहू दिलं तर चालेल ना?

काटेकोर
हे आत्ता सांगताय? मग ती १४ खोली कधी मोजली होती, एपॉक्सीच्या आधी की नंतर? हेअर ड्रायरने तळ गरम करा, हाताला चटका बसेल इतपतच, रेझिनची मूठ आहे. एपॉक्सी मऊ पडलं की चपट्या पेचकसाने खरवडा, स्पिरिटने पुसा आणि खोली परत मोजा.

खटपट्या
नंतर. साफ केल्यावर १६.५ आली. म्हणजे अडीच मिमीचा वॉशर?

मोजपट्टी
हो. नाहीतर ५१ चे ४८.५ होतील. वॉशर २२ पेक्षा रुंद नको, आणि तो आधी थेंबभर एपॉक्सीने चिकटवून घ्या, सुटा ठेवलात तर कलतो.