‘मिळावी’ की ‘द्यावी, असा हुकूम व्हावा’?

विचारणा
कौटुंबिक न्यायालयात अंतरिम पोटगीचा अर्ज मी स्वतःच लिहिते आहे. शेवटच्या ‘विनंती’च्या परिच्छेदात असं लिहिलंय: ‘सबब, मला व मुलीला योग्य ती पोटगी मिळावी, मुलीचा ताबा मिळावा व न्याय मिळावा.’ वाचून एकजण म्हणाले, फार मोघम आहे. ‘मिळावी’त नेमकं काय चुकलं? आणि ‘ताबा’ हा शब्द मुलीबद्दल लिहायला हात धजत नाही.

प्रतिसाद
ताई, व्याकरण बिनचूक आहे. पण ‘पोटगी मिळावी’ या वाक्यात देणारा कुठेच नाही. कोणी द्यायची, किती, कधीपासून, सगळं बाहेरच राहिलं. विनंती अशी लिहायची की न्यायाधीशांना ती जशीच्या तशी हुकमात उतरवता आली पाहिजे:

‘सामनेवाले यांनी अर्जदारास दरमहा रु. ____ व मुलीसाठी दरमहा रु. ____ अंतरिम पोटगी, अर्जाच्या तारखेपासून, दर महिन्याच्या 10 तारखेच्या आत अर्जदाराच्या बँक खात्यात जमा करावी, असा हुकूम व्हावा.’

‘करावी’ हे सामनेवाल्यांसाठी, ‘व्हावा’ हे न्यायालयासाठी. दोन्ही विध्यर्थ लागतात. उद्या पैसे आले नाहीत तर वसुलीसाठी याच शब्दांवर बोट ठेवायचं आहे. ‘योग्य ती’ रकमेची वसुली कशी मागणार?

‘अर्जाच्या तारखेपासून’ हे मुद्दाम लिहा. रजनेश विरुद्ध नेहा या 2020च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं सांगितलं आहे. दोन्ही बाजूंनी मालमत्ता व दायित्वांचं शपथपत्र द्यायचं, तेही त्यातच आहे. तुमच्या विनंतीतला आकडा आणि त्या शपथपत्रातला खर्च एकमेकांशी जुळू द्या.

प्रतिसाद
वरच्या मजकुरात एक भर. हिंदू विवाह कायद्याखालचा दावा चालू असेल, तर कलम 24 मध्ये पोटगीबरोबर दाव्याचा खर्चही मागता येतो. लोक तो पोटगीतच धरतात आणि मग राहून जातो. वेगळी ओळ करा. ‘अंतरिम’ म्हणजे दावा चालू असेपर्यंत. कायमची पोटगी कलम 25 मध्ये येते. घाईत ‘अंतिम’ लिहिलं गेलं तर मागणीच बदलते, म्हणून हा शब्द दोनदा वाचा.

‘ताबा’बद्दल तुमची अडचण मला पटते. जमिनीचा ताबा, घराचा ताबा, आणि त्याच ओळीत लेकरू! परिभाषेत ‘अभिरक्षा’ आहे, पण कोर्टात सगळे ‘ताबा’च म्हणतात. हकीकतीत ‘मुलगी जन्मापासून माझ्याजवळ आहे, तिचं संगोपन मी करते’ असं तुमच्या भाषेत लिहा. विनंतीत मात्र ‘ताबा’ राहू द्या. तिथे ‘संगोपन’ लिहिलं तर मुलगी राहणार कुणाकडे हे सुटून जातं. ‘पालकत्व’ही त्याजागी चालणार नाही, ती मागणी निराळी. वडिलांच्या भेटीचे वार आणि वेळा ठरवून हव्या असतील तर ते स्वतंत्र कलम.

विचारणा
आणि ‘न्याय मिळावा’? ते खोडायला मन होत नाही.

प्रतिसाद
त्यामागची भावना समजते, पण त्यातून हुकूम निघत नाही. त्याजागी ‘न्यायालयास न्याय्य व योग्य वाटतील ते इतर हुकूम व्हावेत’ असं लिहा. ‘न्याय्य’च्या शेवटी ‘य्य’ हे जोडाक्षर आहे, टंकताना त्यातला एक ‘य’ हमखास गळतो. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे ही सर्वसाधारण मागणी वेगळी लिहिलीच पाहिजे असं नाही, पण प्रघात आहे.

‘मेहेरबान कोर्टाने कृपावंत होऊन’ वगैरे नसलं तरी अर्ज कमी पडत नाही. 1984च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 13 नुसार या न्यायालयात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही. पक्षकारानं स्वतः बोलावं, हे तिथे गृहीतच आहे.

विचारणा
पोटगी, दाव्याचा खर्च, ताबा आणि इतर हुकूम, अशी चार कलमं केली. ‘सबब’ ठेवू का?

प्रतिसाद
ठेवा. ‘म्हणून’ लिहिलंत तरी अर्थ तोच.