मदत हवी आहे: बाबांना पार्किन्सन्स कशामुळे झाला असेल?

सत्तरीकर: गेल्या आठवड्यात बाबांना पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं. कारण विचारलं तर डॉक्टर "वय झालं" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आमच्या घराण्यात कुणालाच नाही. मग आला कुठून? "देवावर सोपवा" असं कृपया लिहू नका. लवकर सांगा, बहीण रोज फोन करून डोकं खाते.

पेडण्याचा_पांथस्थ: वय किती? एक हात थरथरतो की दोन्ही? कामधंदा काय होता? काहीच लिहिलं नाही, आम्ही काय कौल लावायचा?

सत्तरीकर: ६८. दोन्ही हात. आधी खाणीवर, मग घरचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग.

जुना_खाणवाला: मग शोधायचं काय त्यात! मँगनीज. धूळ वर्षानुवर्षं नाकातोंडात गेली की असाच आजार होतो. रिवण भागात मँगनीजच होतं.

सत्तरीकर: बाबा लोखंडाच्या खाणीवर होते. तेही ऑफिसात, हजेरी लिहायला.

नर्सबाय: मँगनीजच्या आजारात चाल कोंबड्यासारखी चवड्यांवर होते, थरथर कमी असते आणि लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सन्सच्या नेहमीच्या औषधाचा, फारसा गुण येत नाही. उगाच घाबरवू नका.

जुना_खाणवाला: बाय, मी तीस वर्षं धूळ खाल्ली आहे.

नर्सबाय: आणि हात स्थिर आहेत ना तुमचे?

रसायनवेडा: फवारणीचं विचारा. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात नशेसाठी भेसळीचं द्रव्य टोचून घेतलेली तरुण मुलं पुतळ्यासारखी थिजली. त्यातल्या एमपीटीपीने मेंदूतल्या डोपामिन (हालचाल नीट ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मारल्या होत्या. पॅराक्वाट हे तणनाशक त्याच्याच विषाच्या जातकुळीतलं.

सत्तरीकर: कुळागरात तण कोयत्याने काढतो. पावसात सुपारीच्या माडीला बोर्डो मारतो, बस्स.

रसायनवेडा: बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. तो वेगळा.

वैद्यांचा_नातू: कवचबीज द्या, खाजकुइली हो. त्यात लेव्होडोपा असतोच.

नर्सबाय: त्यांनी कारण विचारलंय, औषध नव्हे. आणि लेव्होडोपाची गोळी चालू असताना वरून कवचबीज दिलं तर डोस वाढेल.

पेडण्याचा_पांथस्थ: कॉफी पिणाऱ्यांना कमी होतो म्हणे.

नर्सबाय: सत्तरीकर, मूळ आजार बहुधा एका बाजूने सुरू होतो. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत लाथा झाडणं हे तर कित्येकदा आधीच दिसतं. तुमच्याकडे दोन्ही हात एकदम म्हणता, म्हणून विचारते: पोटाची किंवा चक्करची गोळी चालू आहे का? नाव पाकिटावर बघून लिहा.

सत्तरीकर: वास चांगला येतो, सोलकढीत मीठ कमी पडलं तर बिनचूक कळतं त्यांना. गॅसची गोळी तीन वर्षं चालू आहे. ती कशाला लिहायची म्हणून नव्हती लिहिली. पाकिटावर रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड.

रसायनवेडा: मीठ चवीने कळतं, वासाने नव्हे.

नर्सबाय: लेव्होसल्पिराइड डोपामिन अडवतं. त्यानेही हुबेहूब असाच कंप आणि ताठरपणा येतो. चक्करच्या सिनारिझिनचंही तेच. मात्र आपल्या मनाने काही थांबवू नका. पाकीट घेऊन बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) न्यूरोलॉजीत जा. गोळी बंद केल्यावर उतार पडायला महिने लागतात. कधी असंही होतं की मूळ आजार आतच असतो आणि गोळीने तो नुसता वर येतो.

सत्तरीकर: ही गोळी मीच दर महिन्याला आणून देत होतो. उद्या सकाळच्या बसने बांबोळीला निघतो. बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

जुना_खाणवाला: वैद्यांच्या नातवा, कवचबीज म्हापशात कुठे मिळेल?